एडमंटनला येताय आणि मुलाला ग्रेट्झ्की व्हायचंय

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये पुण्याहून कॅनडातल्या एडमंटनला येतोय, आठ वर्षांचा मुलगा आइस हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झ्की याचे व्हिडिओ बघून आइस हॉकीच्या मागे लागलाय, तर यात करिअर होतं का आणि आल्यावर सुरुवात कुठून करायची. मी इथे अकरा हिवाळे काढलेत, त्यातले बरेचसे रिंकच्या बाकड्यावर कुडकुडत.

ग्रेट्झ्कीपासून इथे सुटका नाही. त्याच्या नावाचा रस्ता आहे, रॉजर्स प्लेस या हॉकीच्या स्टेडियमपाशी स्टॅनली कप, म्हणजे इथल्या हॉकीतला सगळ्यात मोठा करंडक, उंचावलेला त्याचा पुतळा आहे. आपल्याकडे सचिनचं जे, ते इथे त्याचं. तो मूळचा ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डचा. वडील टेलिफोन कंपनीत कामाला. ते दर हिवाळ्यात परसात पाणी सोडून बर्फ जमवायचे आणि पोरगा त्यावर तासन्तास खेळायचा. दहाव्या वर्षी एका हंगामात 378 गोल! मुलाला हे जरूर सांगा. पण हेही सांगा की इतर पालकांच्या हेव्यादाव्यांना कंटाळून तो चौदाव्या वर्षी घर सोडून टोरंटोला खेळायला गेला.

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये, तो 1979 ते 1999 खेळला: 1487 सामने, 894 गोल. गोलांचा विक्रम 2025 मध्ये रशियाच्या ओवेच्किनने मोडला. पण खरी गंमत पासची आहे. हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि त्याला पास देणाऱ्यालाही एक. ग्रेट्झ्कीचे असे असिस्ट 1963. म्हणजे त्याचे सगळे गोल पुसून टाकले तरी एकूण गुणांत तो आजही पहिलाच! अंगानं किरकोळ, वेगातही इतरांच्या फार पुढे नाही. गोलच्या जाळीमागे उभा राहायचा आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कुठे जाणार हे आधी हेरायचा. इथले कोच लहान मुलांना पास द्यायला का ओरडतात, ते यावरून कळेल.

इथल्या ऑयलर्स संघाला चार स्टॅनली कप जिंकून दिल्यावर 9 ऑगस्ट 1988 ला संघाच्या मालकानं त्याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकलं. इथले जुने लोक अजून त्यावर हळहळतात. आपण निदान स्वतःच्या मर्जीनं गाव सोडतो.

करिअरचं म्हणाल तर एनएचएलचे संघ 32, आणि एका सामन्यात संघाचे 20 जण उतरतात. पंजाबी घरातला जुझार खैरा ऑयलर्सकडून खेळला, त्यामुळे आपल्यासाठी दार बंद आहे असं नाही. पण इथली पोरं तीन-चार वर्षांची असल्यापासून स्केट्स घालतात. मी तरी नोकरी-घर ठरवताना हा हिशेब धरला नसता.

मार्चमध्ये याल तेव्हा उघड्यावरचा बर्फ वितळायला लागलेला असेल. आधी इनडोअर रिंकवर नुसतं स्केटिंग शिकवा. हॉकीचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, पण नावनोंदणी खूप आधी होते, तेव्हा आल्या आल्या चौकशी करा. हिवाळ्यात वस्तीच्या कम्युनिटी लीगचं, म्हणजे रहिवाशांच्या संस्थेचं, रिंक वापरा, घराजवळ असतं आणि स्वस्तात पडतं. हेल्मेट नवं घ्या, बाकी सामान जुन्या बाजारातून. आणि स्केट्स ‘वाढत्या अंगाचे’ घेऊ नका. मी शाळेच्या गणवेशासारखे मोठे घेतले आणि पोरगा हंगामभर घोट्यावर कलंडत राहिला. ते बुटाच्या मापापेक्षा साधारण एक नंबर लहानच लागतात.

सरावाची वेळ पहाटे सहाचीही मिळते. बाहेर उणे तीस. तेव्हा घरात कोण उठणार, हे पुण्यातच ठरवून या.

आणि बॅट आणा बरोबर. उन्हाळ्यात इथे क्रिकेट चालतं.