वाचकांचे प्रश्न : कपडे शिवणाऱ्या बायकांचा हक्क

प्रश्न : मुलीने कॉलेजात राणा प्लाझाबद्दल ऐकलं आणि आता ती म्हणते 'मेड इन बांगलादेश' लिहिलेला एकही टी-शर्ट घरात आणायचा नाही. तिचं बरोबर आहे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, मुलीला एवढं लागलं हे चांगलंच आहे, पण बहिष्कार नको असं माझं स्पष्ट मत. तिकडं चाळीसेक लाख लोकांचं पोट या धंद्यावर आहे, त्यात निम्म्याहून जास्त बायका, आणि ऑर्डर बंद झाली की मालकाच्या आधी लाईनवर बसलेली बाई घरी जाते. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरमधे राणा प्लाझा ही आठ मजली बिल्डिंग कोसळली, 1,100 च्या वर माणसं गेली. आदल्या दिवशीच तडे गेलेले दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या गारमेंटच्या कामगारांना मात्र सकाळी परत बोलावलं, नाही आलात तर पगार जाईल म्हणून. आतल्या एकाही फॅक्टरीत युनियन नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं, कारण पगार अडकलेला असताना एकटी बाई सुपरवायझरला नाही कशी म्हणणार?

ब्रँडवाल्यांची ऑडिटं त्याआधीही व्हायची, त्या बिल्डिंगमधल्या काही फॅक्टऱ्यांचीसुद्धा झाली होती. फरक पडला तो त्याच वर्षी फॅक्टऱ्यांच्या सुरक्षेसाठी झालेल्या अकॉर्ड नावाच्या करारामुळे, 200 च्या वर ब्रँडनी सह्या केल्या, त्यात युनियन बरोबरीने होत्या आणि तो बंधनकारक होता, म्हणजे ब्रँडने शब्द पाळला नाही तर त्याला लवादात खेचता येत होतं. बिल्डिंगी सुधारल्या, पगाराचं मात्र रडगाणं चालूच आहे. 2023 ला कामगारांनी महिन्याला किमान 23,000 टका मागितले, मिळाले 12,500, आणि त्या आंदोलनात कामगारांचे जीवही गेले. म्हणून मुलीला सांगा, ब्रँडला लिहून विचार की अकॉर्डवर सही आहे का आणि फॅक्टऱ्यांची यादी जाहीर केलीये का.

प्रश्न : बांगलादेशचं सगळे बोलतात, आपल्याकडे काय वेगळं आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फार वेगळं नाही. तामिळनाडूत दिंडीगुलकडच्या एका फॅक्टरीतल्या वीस वर्षांच्या दलित मुलीचा जानेवारी 2021 मधे खून झाला, आरोप तिच्याच सुपरवायझरवर होता, आणि तो आधीपासून तिला त्रास देत होता असं घरचे आणि सोबतच्या बायका सांगत होत्या. लैंगिक छळाचा कायदा 2013 चा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार समिती पाहिजेच, पण समिती नुसती कागदावर असेल तर बाई जाणार कुणाकडे. तिथल्या दलित बायकांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने विषय लावून धरला आणि 2022 ला दिंडीगुल करार झाला, एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या माल घेणाऱ्या ब्रँडनाही त्यात बांधून घेतलं. त्या करारामुळे फॅक्टरीतल्याच ट्रेनिंग घेतलेल्या बायका लाईनवर लक्ष ठेवू लागल्या, तक्रार केली म्हणून कुणाला काढता येत नव्हतं. माझ्या मते आपल्याकडे प्रत्येक गारमेंट पट्ट्यात हे व्हायला पाहिजे.

प्रश्न : मी सोलापूरला युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात आहे. सीझनला रोज दहा-अकरा तास बसवतात, जादा तासाला पैसे नेहमीच्याच रेटने. विचारलं तर म्हणतात परवडत नसेल तर सोडा.

उत्तर : जादा तासाला दुप्पट रेट हा तुमचा कायद्याने हक्क आहे, 1948 च्या फॅक्टरी कायद्यात होता आणि नव्या कामगार संहितेतही आहे. आजपासून एका वहीत तारीख, यायची-जायची वेळ आणि हातात पडलेले पैसे रोज लिहा, हजेरी कार्ड असेल तर फोनमधे फोटो काढून ठेवा. सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार करता येते, पोच घ्यायला विसरू नका. आणि एकट्या जाऊ नका, लाईनवरच्या चार-पाच जणी मिळून सह्या करा, एकीला काढणं सोपं असतं, ऐन सीझनमधे पाच मशीन रिकामी ठेवणं मालकाला परवडत नाही.