बोअर युद्ध गनिमी कसे झाले? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांच्या (डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या) दोन प्रजासत्ताकांच्या राजधान्या, ब्लूमफाँटेन आणि प्रिटोरिया, जून १९०० पर्यंत इंग्रजांच्या हाती गेल्या. मग बोअर आणखी दोन वर्षे कसे लढले? गनिमी काव्याचा निर्णय नेमका कधी झाला?

उत्तर : निर्णयाची तारीख सांगता येते : १७ मार्च १९००, क्रूनस्टाडची युद्धसभा. कारण मात्र त्याआधीचे, पार्डेबर्गच्या लढाईचे आहे. बोअर जनरल क्रोन्ये बैलगाड्यांचा तांडा आणि काही बायकापोरे बरोबर घेऊन मॉडर नदीच्या काठाने मागे हटत होता. बैल सावकाश चालणार. इंग्रज घोडदळ पुढे जाऊन आडवे आले. दरडीत खंदक खणून त्याने दहा दिवस तग धरला आणि २७ फेब्रुवारीला सुमारे ४,००० माणसांसह शस्त्रे ठेवली. बंदुका उत्तम होत्या, नेमबाजीही. गाड्यांनी घात केला. पानिपत वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

क्रूनस्टाडला म्हणून पहिली गदा गाड्यांवर आली. सडी घोडेस्वार पथके ठेवायची, मैदान धरून बसायचे नाही, रेल्वे आणि रसद तोडायची. (‘कमांडो’ हे मूळ या पथकांचेच नाव.) बोअर सेनानी ख्रिस्तियान डी वेटने त्याआधीच आपल्या माणसांना काही दिवस घरी जाऊ दिले होते. परत येतील तेच खरे लढणारे, हा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

नव्या पद्धतीचा पहिला मोठा दणका ३१ मार्चला ब्लूमफाँटेनजवळ सान्नाज पोस्टला बसला. शहराचे पाणी इथून जात असे. डी वेटने ओढ्याच्या पात्रात सुमारे साडेतीनशे माणसे दडवली आणि पलीकडून भावाच्या तुकडीने तोफा डागल्या. तोफांच्या माऱ्यातून निघालेल्या इंग्रजांच्या गाड्या नेमक्या त्याच ओढ्यात उतरू लागल्या. गाडी खाली आली की बंदूक रोखून गाडीवानाला गप्प करायचे, गाडी बाजूला घ्यायची, पुढचीची वाट पाहायची. वरच्यांना बराच वेळ काही कळले नाही. ७ तोफा आणि चारशेहून अधिक कैदी हाती लागले. शिवाय विषमज्वर पसरत असलेल्या शहराचे पाणी तुटले.

तरीही सगळे बोअर एका दिवसात गनिमी झाले असे समजू नये. मोर्चे बांधून दिलेली शेवटची मोठी लढाई बर्गेंडालची, २७ ऑगस्ट १९०० ची.

प्रश्न : बंदरे इंग्रजांच्या ताब्यात असताना काडतुसे येत कुठून?

उत्तर : इंग्रजांकडूनच. ७ मिलिमीटरच्या माउझर बंदुकीची काडतुसे संपत आली तशी ती बंदूक टाकून अनेकांनी इंग्रजांची लुटलेली .३०३ बंदूक घेतली. मग प्रत्येक छाप्यात दारूगोळा मिळू लागला. इंग्रज पलटणींच्या सोडलेल्या तळांवर सांडलेली काडतुसेही वेचली जात. पकडलेल्या इंग्रज शिपायांना ठेवायला जागा नाही, म्हणून कपडे-बूट काढून घेऊन सोडून देत. यात एक धोका होता. अंगावर इंग्रजी खाकी असलेला बोअर सापडला तर त्याला गोळी घालण्यापर्यंत मजल गेली.

प्रश्न : ब्लॉकहाउसच्या (इंग्रजांच्या छोट्या भक्कम चौक्यांच्या) साखळीने बोअरांना हरवले, हे खरे का?

उत्तर : अर्धे खरे. सुरुवातीची दगडी ब्लॉकहाउसे रेल्वेच्या पुलांवर होती. एकेकाला ८०० ते १,००० पौंड आणि काही महिने लागत. मग मेजर राइस या इंजिनियरने स्वस्त नमुना काढला : पन्हळी पत्र्याच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत खडी, वर पत्र्याचे छप्पर. खर्च सुमारे १६ पौंड. खडी गोळी अडवते, तोफगोळा नाही. पण तोवर बोअरांकडे तोफा जवळपास उरल्याच नव्हत्या, म्हणून हे चालले. आत सहा-सात शिपाई, दोन ब्लॉकहाउसांमध्ये काटेरी तार. शेवटी संख्या सुमारे ८,००० झाली आणि साखळी ६,००० किलोमीटरपर्यंत गेली.

रात्री मात्र तार कापता येते. फेब्रुवारी १९०२ मध्ये सुमारे ९,००० सैनिकांची रांग शिकारीत घालतात तसा हाका घालत निघाली, तरी डी वेट तार तोडून निसटला. साखळीची खरी किंमत दुसरीच : पथकांच्या हालचालींचे वावर आक्रसत गेले.

उरलेले अर्धे काम आगीने केले, आणि त्याबद्दल सौम्य शब्द वापरणे आम्हाला पटत नाही. गाड्या टाकलेल्या पथकांना मका, मांस, घोडा आणि बातमी शेतघरांतूनच मिळे. म्हणून सुमारे ३०,००० शेतघरे जाळली, गुरे मारली, बायकामुलांना छावण्यांत कोंबले. गर्दी, अपुरा शिधा, गोवर आणि विषमज्वर यांनी सुमारे २८,००० बोअर मेले. त्यांत २२,००० च्या आसपास मुले होती. काळ्या आफ्रिकींच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे नोंदलेले मृत्यूच १४,००० हून अधिक आहेत, आणि नोंदी अपुऱ्या आहेत. मे १९०२ मध्ये तहाच्या बोलणीसाठी फेरेनिखिंग गावी जमलेल्या ६० बोअर प्रतिनिधींपुढे हीच स्थिती होती : खायला नाही, घोडे नाहीत, कुटुंबे छावण्यांत. ५४ विरुद्ध ६ मतांनी तह मान्य झाला.

प्रश्न : बोअर कैदी अहमदनगरला होते म्हणतात. इतक्या लांब कशासाठी?

उत्तर : होते. सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थान अशा ठिकाणी त्यांना पाठवले. मुलूख माहीत असलेला स्वार जवळच्या तुरुंगातून पळाला की दुसऱ्या दिवशी पथकात हजर; मध्ये समुद्र असला की ही भीती नाही. तह झाल्यावरही काहींनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, त्यामुळे त्यांची सुटका लांबली.