चार्ल्सटनची जुनी विटांची घरं कशी बघावीत

अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये दोनच दिवस आहात, तर नॅथनिअल रसेल हाउसचा जिना पाहिला की यादवी युद्धाआधीची विटांची घरं पाहिल्यासारखी होतील का, असं तुम्ही विचारलंय. जिना बघाच. १८०८ साली पूर्ण झालेल्या या घरात तो खांबाच्या आधाराशिवाय लंबगोल वळत तीन मजले चढतो. पण तेवढ्यावर परत फिरू नका.

आधी रस्त्यावरून भिंती बघा. चांगल्या घरांच्या दर्शनी भिंतीत बहुधा एकाच थरात एका विटेची लांब बाजू बाहेर आणि पुढचीची आखूड बाजू बाहेर, अशी आलटून पालटून बसवलेली दिसते. हे काम वेळखाऊ आणि महाग, म्हणून बाजूच्या आणि मागच्या भिंतींत पुष्कळदा साधी रचना असते. दरजांमध्ये चुना आहे की सिमेंट, तेही बघा. या विटा मऊ असतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. कडक सिमेंट भरलं की ती विटेतच अडकते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. अशी डागडुजी पाहिली की मला फार वाईट वाटतं.

भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील. त्या बऱ्याचदा ३१ ऑगस्ट १८८६च्या भूकंपानंतर, भिंती आवळून धरणाऱ्या सळ्यांसाठी लावलेल्या आहेत.

'सिंगल हाउस' हा तिथला खास प्रकार. रुंदीला एकच खोली, आणि घराची अरुंद बाजू रस्त्याकडे. रस्त्यावरचं दार उघडलं की खोली लागत नाही, बाजूचा लांब व्हरांडा लागतो. वाऱ्यासाठी तो बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला असतो.

आता खरं महत्त्वाचं. रसेल हाउस बांधून घेणारा व्यापारी नॅथनिअल रसेल याने बाल्कनीच्या लोखंडी कठड्यात आपली आद्याक्षरं घडवून घेतली. त्याच्या व्यापारात गुलामांची खरेदी-विक्रीही होती. शहरातल्या विटा मोठ्या प्रमाणावर गुलामांनीच थापल्या, त्यांत लहान मुलंही होती. ओल्या मातीत उमटलेले त्यांच्या बोटांचे ठसे काही विटांवर आजही दिसतात. परसातलं स्वयंपाकघर आणि त्यावरच्या गुलामांच्या खोल्या हा घराचाच भाग आहे, तो सोडू नका.

म्हणून दुसऱ्या दिवशी एकच घर जमणार असेल, तर शहरातलंच आयकन-रेट हाउस हे जुनं घर निवडा. तिथे स्वयंपाकघर, गुलामांच्या खोल्या आणि तबेला फारसे न बदलता राखलेत. मी तर सांगेन, आधी परसातच जा.