बिनकोटिंगची टिप ॲल्युमिनियमला का लावायची?

प्रश्न : लेथवर 40 मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा (6061 या मिश्रधातूचा) बार 500 आरपीएमवर टर्न करतो. टिप (टूलच्या टोकाला बसवायचा कापणारा तुकडा) स्टीलसाठी आणलेली, सोनेरी कोटिंगची. चार-पाच जॉब झाले की टोकाला ॲल्युमिनियम चिकटतं आणि फिनिश खरखरीत येतो. फोरमन बिनकोटिंगची कार्बाइड टिप लावायला सांगतात. पण ती लवकर झिजणार नाही का?

उत्तर : फोरमनचं ऐका. दोन्ही टिपा भिंगाखाली शेजारी धरून बघा. सोनेरी टिपेची कड किंचित गोलसर दिसेल. अगदी तीक्ष्ण कडेवर कोटिंग नीट टिकत नाही, शिवाय स्टीलचा मार सोसायचा असतो, म्हणून ती मुद्दाम बोथटलेली असते. मऊ ॲल्युमिनियम अशा कडेखाली कापलं जाण्याआधी दाबलं जातं आणि तिथेच थापलं जातं. मग कापायचं काम तो चिकटलेला गोळाच करू लागतो. तो तुटून सुटला की जॉबवर ओरखडे उठतात. ॲल्युमिनियमसाठीच्या बिनकोटिंगच्या टिपेला ग्राइंड केलेली धार असते आणि माथा, म्हणजे वरचा पृष्ठभाग, आरशासारखा पॉलिश केलेला असतो, त्यामुळे चिप (कापून निघणारी साल) सरकून जाते. धार बोटाने तपासू नका, कापेल.

झिजेचं म्हणाल तर 6061 कार्बाइडला फारसं झिजवत नाही. जास्त सिलिकॉनचं ओतीव ॲल्युमिनियम असतं तर तुमची शंका रास्त होती. सिलिकॉनचे कडक कण धार खातात, तिथे पीसीडी (कृत्रिम हिऱ्याची) टिप बरी.

मात्र हीच टिप स्टीलवर चालवू नका. मी एकदा घाईत चालवली होती. स्टीलची तापलेली चिप माथ्यावरून घासत जाते तेव्हा कार्बाइड हळूहळू तिच्यात विरघळतं आणि धारेच्या मागे खड्डा पडतो. माझ्या टिपेला नख अडकेल एवढा खड्डा पडला, आणि पुढच्याच जॉबला कोपरा उडाला.

आता स्पीड. 40 मिमीला 500 आरपीएम म्हणजे धारेपुढून मिनिटाला जेमतेम 63 मीटर धातू सरकतो. एवढ्या कमी वेगात ॲल्युमिनियम चिकटणारच. चक आणि मशीनला झेपत असेल, जॉब नीट धरलेला असेल, तर 2000 वर न्या, म्हणजे 250 मीटर होतील. कूलंट सतत धारेवर पडू द्या. आणि चिकटलेलं ॲल्युमिनियम स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. त्याच्याबरोबर कार्बाइडचा कपचाही निघतो. सरळ टिप फिरवून नवा कोपरा घ्या.