सायबर कॅफेत इन्कॉग्निटो उघडलं की अकाउंट सुरक्षित राहतं का?

नाही. घरी कॉम्प्युटर नाही, सीईटीनंतरचा प्रवेशअर्ज कॅफेतून भरायचाय आणि इन्कॉग्निटोमध्ये जीमेल उघडलं तर चालेल का, एवढंच तुम्ही विचारलंय. इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो. ती हिस्ट्री आणि कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनच्या खुणा) पुसते, पण सगळ्या इन्कॉग्निटो विंडो बंद झाल्यावरच. क्रोममध्ये त्या सगळ्यांचं लॉगिन सामायिक असतं. कॅफेवाल्याची एखादी विंडो मिनिमाइज होऊन पडलेली असेल, तर तुमची बंद करून तुम्ही उठलात तरी तुमचं जीमेल तिथे उघडंच. म्हणून आधी साइन आउट, मग विंडो बंद. डाउनलोड केलेली फाइल तर इन्कॉग्निटोतही मशीनवर राहतेच.

मला विचाराल तर अकाउंट जातं ते काउंटरवर. प्रवेशाच्या दिवसांत दुकानात रांग लागलेली असते. फोटो छोटा करून अपलोड करायचा असतो, म्हणून कॅफेवाला म्हणतो, ‘व्हॉट्सॲप वेब लाव.’ मुलगा क्यूआर स्कॅन करतो, फोटो-मार्कशीट पाठवतो, प्रिंट घेऊन निघतो. त्याचे चॅट त्या मशीनवर चालूच राहतात, फोन बंद असला तरी. दुकानाची पायरी उतरायच्या आत व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा, त्या कॉम्प्युटरवर टॅप करा, लॉग आउट करा.

याहून वाईट म्हणजे अर्जाचं लॉगिनच कॅफेवाल्याला बनवू देणं. ओटीपीसाठी थांबायला नको म्हणून तो मोबाईल नंबर स्वतःचा टाकतो, ईमेल दुकानाचा, पासवर्ड तुमचं नाव आणि पुढे १२३, आणि हे सगळं एका वहीत. तो चोर असतो असं नाही, त्याला फक्त रांग संपवायची असते. पण पासवर्ड विसरलात तर ओटीपी त्याच्याकडे, आणि वही ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या लॉगिनमध्ये शिरून कॉलेजांचा पसंतीक्रम बदलू शकतो. सबमिट करण्याआधी स्क्रीनवर मोबाईल आणि ईमेल स्वतः वाचा. पासवर्ड स्वतः टाइप करा, सांगू नका.

ई-आधारची पीडीएफ पासवर्ड लावलेली असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही तुमच्या अर्जावर छापलेलं! जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फाइल शिफ्ट-डिलीट करा, नुसत्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये जाते.

‘ओटीपी तर माझ्याच फोनवर येतो ना’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. ओटीपी लॉगिन होईपर्यंत राखण करतो. एकदा आत गेलात आणि तसेच उठलात की पुढे त्या खुर्चीत बसणाऱ्याला कोणी ओटीपी मागत नाही. त्यातून गुगलच्या टू-स्टेपमध्ये, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीत, ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ ही टिक आधीच लावलेली असते, ती काढा. आणि ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ म्हणणाऱ्यांनी आपल्या बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंक कोणत्या ईमेलवर येतात ते बघावं.

हिस्ट्री पुसण्यात फार जीव अडकवू नका. २०११च्या सायबर कॅफे नियमांनुसार कोणत्या साइट उघडल्या याची नोंद कॅफेने किमान एक वर्ष ठेवायची असते. पार्टिशनही साडेचार फुटांहून उंच चालत नाही, म्हणजे मागे उभा असलेला माणूस बघू शकतो हे धरूनच पासवर्ड टाइप करा.

खरं तर अर्ज फोनवरच भरा आणि पीडीएफ दुकानाच्या ईमेलवर पाठवून तिथे फक्त प्रिंट काढा.

एक राहिलंच. मशीनवर कीलॉगर, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक की गुपचूप नोंदवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, असेल तर वरचं सगळं करूनही पासवर्ड जाऊ शकतो. कीबोर्डच्या वायरच्या टोकाला यूएसबीचा जास्तीचा तुकडा दिसला तर उठा. सॉफ्टवेअरवाला कीलॉगर मात्र दिसत नाही, आणि ऑन-स्क्रीन कीबोर्डही भरवशाचा नाही, कारण स्क्रीनशॉट घेणारे प्रकारही असतात. म्हणून घरी येऊन आपल्या फोनवरून पासवर्ड बदला आणि गुगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात ‘युअर डिव्हायसेस’मधून अनोळखी कॉम्प्युटर साइन आउट करा. रिकव्हरी नंबर आपलाच आहे ना ते बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्सही तपासा. कोणी तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवला असेल तर पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.