जंताचं औषध, गोचिडांचा फवारा आणि तळ्यातली बेडकाची पिल्लं

तुमचा प्रश्न असा: मुळशीत गोठ्याच्या खालच्या अंगाला शेततळं आहे. पावसाच्या तोंडावर सगळ्या गाईंना जंताचं औषध पाजलं, त्याच आठवड्यात गोचिडांसाठी फवारणी केली, आणि आता तळ्यात बेडकाची पिल्लं मरतायत, उरलेल्यांत काहींच्या शेपट्या वाकड्या. दोष जंतनाशकाचा का?

पुणे जिल्ह्यातले गोठे बरीच वर्षं बघतोय, त्यावरून सांगतो. आधी फवाऱ्याकडे बघा. गोचिडांसाठी बहुतेक ठिकाणी डेल्टामेथ्रिन वापरतात, सव्वा टक्क्याचं, लिटरला 2 मिली. म्हणजे बादलीतल्या पाण्यात लिटरमागे 25 मिलिग्रॅम औषध. पाण्यातल्या अनेक माशांना लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅमसुद्धा जीवघेणा ठरतो, म्हणजे बादलीतल्या प्रमाणाच्या साधारण 25 हजारावा हिस्सा. उरलेली बादली गोठ्याच्या नालीत ओतली, पंप तळ्याच्या काठी धुतला किंवा फवारलेल्या गाई लगेच पाण्यात उतरल्या, तर एवढं सहज पोचतं. यात मरतूक तासा-दिवसांत होते, आणि पाण्यातले किडे आधी जातात.

वाकड्या शेपटीची गोष्ट वेगळी. तुम्ही पाजलेली बाटली एकदा बघा. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधं जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतात, मग पेशीचं विभाजन अडतं. अंड्यात वाढणाऱ्या जिवाचं सगळं कामच विभाजनाचं असतं. झेब्रा माशाचं अंडं पारदर्शक असतं, एका दिवसात त्यात डोकं-डोळे आकाराला येतात, म्हणून प्रयोगशाळेत ही औषधं त्यावर तपासतात. अल्बेंडाझोलने त्या भ्रूणांत विकृती आल्याचं तिथे दिसलंय. गाभण गाईला पहिल्या महिन्यांत अल्बेंडाझोल देत नाहीत, त्यामागेही भ्रूणाला धोका हेच कारण. पण एवढ्यावरून तुमच्या तळ्याचा निकाल लावता येणार नाही. पहिल्या पावसात शेण वाहून आलं की अमोनिया वाढतो, पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि तेवढ्यानेही पिल्लं मरतात.

आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं इंजेक्शन दिलं असेल तर मला जास्त काळजी वाटते. 400 किलोच्या जनावराचा डोस 80 मिलिग्रॅम, आणि त्यातलं पुष्कळसं मूळ रूपातच शेणातून बाहेर पडतं. पाणपिसवांना, म्हणजे डॅफ्नियाला, लिटरमागे 25 नॅनोग्रॅमच्या आसपास मारक ठरल्याची नोंद आहे. कागदावर मांडलं तर एका गाईचा डोस 32 लाख लिटर पाणी त्यांना मारक करायला पुरतो! प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण हे औषध शेणामातीला घट्ट चिकटतं आणि उन्हात लवकर मोडतं. मात्र गाळात, अंधारात ते टिकतं, आणि गाळातच अळ्या वाढतात. मारक पातळीच्या बऱ्याच खालीही पाणपिसवांची वाढ आणि वीण घटते. त्याच पिसवांवर माशांची नवी पिल्लं जगतात. तळ्यात मेलेलं काही दिसत नाही, पण पुढच्या मोसमात बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, कमी भरते.

पण म्हणून जंतनाशक बंद करू नका, पावसाळ्यात जंताने वासरं खंगतात. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्या, आणि ज्या जनावराला गरज आहे त्यालाच, वजनाप्रमाणे द्या. सरसकट दरवर्षी सगळ्यांना देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. औषध दिल्यावर निदान पहिले दहा दिवस जनावरं ओढ्याकाठी चारू नका. त्या दिवसांतलं शेण चढावरच्या उकिरड्यात, झाकून. फवारणी उघडीप बघून करा, लागेल तेवढंच द्रावण बनवा.

पिल्लं अजून मरत असतील तर आजच काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी आणि दुसऱ्या बाटलीत तळाचा गाळ घ्या, काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवा. सोबत दोन्ही औषधांच्या बाटल्यांचे फोटो घ्या आणि औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात आधी फोन करून विचारा. त्यांच्याकडे ही तपासणी होत नसेल, तर कुठल्या प्रयोगशाळेत न्यायचं ते तिथेच विचारून घ्या.