एका दिवसात पन्हाळ्यावर काय पाहावं?

वयस्कर आई-वडिलांना घेऊन एका दिवसासाठी पन्हाळ्याला जायचंय, तिथं किल्ला सोडून गावात बघण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरचा. लहानपणापासून किती वेळा एसटीनं पन्हाळा चढलोय, मोजदाद नाही. पन्हाळ्यात किल्ला आणि गाव असं वेगळं काढताच येत नाही. तीन-साडेतीन हजारांची वस्ती, नगरपरिषद, शाळा, देवळं, साधोबाचा दर्गा, सगळं तटाच्या आतच आहे. गाडी वर येते तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ साली गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांनी, बंड केलं आणि त्यानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. तिथूनच बघायला सुरुवात करा.

दिवस एकच असेल तर सगळे पॉइंट गाठायची घाई करू नका. अंबरखान्याला मात्र निवांत वेळ द्या. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तिथल्या तीन कोठारांची नावं. गंगाकोठी सगळ्यात मोठी, तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आजोबांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा ते कितीतरी वेळ छताकडे बघत उभे होते. छताला भोकं आहेत. बाहेरच्या जिन्यानं वर जायचं आणि त्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी सोय. आजोबा शेतकरी माणूस. भिंतीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "ह्या पावसात दाण्याला ओल लागू द्यायची नाही म्हंजे काय सोपं हाय का!" पन्हाळ्याचा पाऊस ज्यानं अनुभवलाय त्याला हे लगेच पटेल. १६६० साली शिवाजी महाराज गडावर असताना आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं चार महिने वेढा घातला होता. तो आठवून ही कोठारं बघितली की गड लढवायला तलवारीइतकाच शिधाही लागतो, हे डोळ्यांना दिसतं.

त्या वेढ्यातून महाराज १२ जुलैच्या रात्री निसटले, बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण पायथ्याच्या नेबापूरच्या शिवा काशीदलाही विसरू नका. महाराजांचा वेश घेऊन तो पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती लागून जिवाला मुकला. गडावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशीदचंही स्मारक आहे. दोन्हीकडे नक्की जा.

तीन दरवाजाजवळची अंधारबावडी माझी सगळ्यात आवडती. बाहेरून साधी इमारत वाटते. आत गेलं की तीन मजले, तळाशी विहीर, पहारेकऱ्यांसाठी भिंतीत कोनाडे आणि तटाबाहेर निघायची वाट. शत्रूनं गडाचं पाणी नासवलं तरी हे पाणी हाताशी राहावं, म्हणून ते असं दडवलेलं. मला तर हा गडाच्या पोटातला दुसरा गडच वाटतो. पायऱ्या अंधाऱ्या आणि ओलसर असतात, आई-वडिलांना वरूनच दाखवा. जवळच झुणका-भाकरी मिळते, तिथं बसवा.

पन्हाळ्याचा इतिहास शिवकाळावर थांबत नाही. गड बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं, मग आदिलशाही आली. पुढं ताराराणींनी करवीरचा, म्हणजे कोल्हापूर राज्याचा, कारभार इथूनच चालवला आणि १७८२ पर्यंत राजधानी इथंच होती. त्यांच्या वाड्यात पुढं शाळा भरू लागली. आर्या लिहिणारे कवी मोरोपंत १७२९ साली इथंच जन्मले. वडिलांना कवितेची आवड असेल तर गावातल्या मोरोपंत ग्रंथालयात जरूर न्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळाही आहे. ती बातमी कळली त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले होते.

सज्जाकोठी ही गडाच्या कडेवरची जुनी इमारत शेवटी ठेवा. ऊन उतरलं की तिथं गार वारा सुटतो आणि आभाळ स्वच्छ असेल तर समोर जोतिबाचा डोंगर दिसतो. आजोबा तिथूनच हात जोडायचे.